पहिली टाळी

४ जून

ती. बाबांस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात माझी इंटर्नशिप सुरू झाली. आमच्या कॉलेजातून एकटी माझीच निवड झाली, हे गल्लीत सांगायला हरकत नाही. तुम्ही सांगितलंही असेल.

अर्जात कामाचं नाव ‘धोरण-अभ्यास’ असं होतं. प्रत्यक्षात मी सभेत पुढच्या रांगेत बसते. साहेबांच्या सचिवांनी चष्मा काढला की पहिली टाळी माझी. एक वाजली की बाकीच्या आपोआप वाजतात म्हणे. भाषण ऐकत बसलं तर चष्म्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून ऐकायचं नाही. आईला सांगा, जेवते वेळेवर.

लोभ आहेच, या कामापायी तो कमी करू नका.
मुंगी

१२ जून

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

गल्लीत कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे कपडे शिवून घ्यायला जो येतो त्यालाच फक्त सांगतो.

आता कामाचं. आपल्याकडून सुटणारी पहाटेची बस बंद होणार अशी कुणकुण आहे. आई त्याच बसने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत. बस गेली तर नोकरी गेली. येत्या सभेत आम्ही सगळे हरकत घ्यायला येतोय, बोलणार मी. तू आधी आत शब्द टाकून ठेव. घरचं माणूस आत असताना बाहेरून ओरडणं बरं दिसत नाही.

तब्येत सांभाळ, लोभ वाढवायचा तेवढा वाढव.
बाबा

२८ जून

ती. बाबांस सा. न.

सचिवांना मी सांगितलं होतं. ते ‘बघतो’ म्हणाले, मी निर्धास्त झाले. सभेत त्यांनी चष्मा काढला आणि मी टाळी वाजवली. आज वृत्तांत टाइप करताना कळलं, साहेब ज्याला ‘मार्गांचं सुसूत्रीकरण’ म्हणत होते ते म्हणजे आपली बस बंद. बाबा, आईची बस गेली आणि त्यावर पहिली टाळी माझी. मला फार रडू आलं.

पण तुम्ही तर बोलणार होतात. मी वळून पाहिलं, तर तुम्हीही टाळ्या वाजवत होतात आणि तुमच्यामागे अख्खी गल्ली. ‘हरकत नाही, टाळ्यांच्या गजरात मंजूर’ असं मलाच टाइप करावं लागलं. सचिव खूश आहेत, प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट’ शेरा देणार आहेत.

लोभ मागायला तोंड नाही.
मुंगी

३ जुलै

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा लिहायला हात धजत नाही, म्हणून मी लिहिते. पोरगी टाळी वाजवतेय म्हणजे बस वाचली, असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे बघून ते गल्लीलाही वाटलं. विसंबला त्याचा कार्यभाग बुडाला, तो असा.

सध्या ते मला पहाटे सायकलवर डबलसीट नेतात. चढ आला की दोघंही उतरतो. कामावर रोज उशीर होतो, आता पुन्हा झाला तर घरी बसा असं स्वयंपाकघराच्या मोठ्या बाईंनी बजावलंय.

तू रडू नकोस, काम सोडूही नकोस. पुढच्या सभेला मी येतेय आणि या खेपेला बोलणार मीच. मी उभी राहिले की तुझे सचिव चष्मा काढतीलच. माझा लोभ आहे तसाच आहे. तू फक्त माझं बोलून होईपर्यंत हात मांडीखाली दाबून बस.

तुझी,
आई