आईच्या पेपरावर पालकांची सही

७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी काय बोलले ते तुला ऐकू आलं नाही आणि तुझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी मला सोसली नाही, म्हणून पत्र. तुला माझी आठवण आली की तू खुशाली विचारतेस. मला तुझी आली की समजावं, कुठेतरी घोडं अडलंय.

ठकीने सहामाहीला गणिताचा पेपर कोरा दिला. वर नाव, तारीख आणि खाली चार पानं पांढरीशुभ्र. नावाखाली पट्टीने रेघ मात्र सुरेख मारलेली. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, चुकणाऱ्या मुलीला शिकवता येतं, पण लिहीतच नाही तिला काय शिकवू? वार्षिक परीक्षेलाही हेच झालं तर पुन्हा सातवीतच बसावं लागेल.

घरी येऊन मी रागावले नाही, हे साक्षीला आहेत. नुसतं विचारलं, का गं. तर म्हणाली, तुला येत नाही, बाबांना येत नाही, मग मला कुठून येणार? ते रक्तातच नाही. मी म्हटलं, अगं, आत्याआजी माझ्या वडिलांची सख्खी बहीण, जन्मभर तिने गणित शिकवलं. त्यावर शांतपणे म्हणाली, म्हणजे घराण्याच्या वाट्याचं सगळं तिनेच संपवलं.

रात्रभर ते वाक्य कुशीत घेऊन झोपले. सोबत तिच्या गृहपाठाची दोन पानं पाठवते. तेवढी सोडवून पाठव, मी तिला समजावून सांगेन. कसं ते मला विचारू नकोस.

तुझ्या लोभात मी आहेच, तशीच राहू दे.
तुझी,
छबू

१४ ऑक्टोबर

चि. छबूस,
अ. आ.

पानं मिळाली. न सोडवता परत पाठवते आहे.

मुलीचं म्हणणं तिच्या बाजूने अगदी बरोबर आहे. मला बाई गणित कधी आलंच नाही, हे वाक्य तू कामावर, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर, शेजारणीसमोर आणि खुद्द माझ्यासमोरही असं म्हणतेस, जणू शाळेने तुला त्याचं बक्षीस दिलं होतं. पोरगी बारा वर्षं ते ऐकते आहे. तुझं एवढं एकच म्हणणं तिने मनावर घेतलं, म्हणून तिला बोल लावू नकोस.

तेव्हा आता तू शीक. सातवीचं पुस्तक उघड आणि पहिल्या पानापासून सुरुवात कर. अडलं तर लिही. पण उत्तर मागू नकोस, वाट माग. माझ्या वर्गात तू खिडकीबाहेरची कबुतरं मोजायचीस. तीही चुकीची.

जावईबापूंना आशीर्वाद. माझ्या मोरीतला नळ त्यांनी दुरुस्त करून दिल्यापासून नुसता ठिबकायचा तो आता वाहतो, हे त्यांना कळव.

पत्र लवकर यावं, आणि त्यात आकडेही असावेत.
आत्या

३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने मी दोन दिवस रुसले होते. तुझ्यापर्यंत पोचलं नसेल म्हणून कळवते.

मग ठकीशी करार केला. तिच्याच पुस्तकावरून ती माझा पेपर काढणार, मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सोडवणार आणि ती तपासणार. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतातच. वार्षिक परीक्षेच्या आत मी एकदा जरी पास झाले, तर ती शाळेच्या पेपरात एकही जागा कोरी सोडणार नाही. नाही झाले तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. पन्नासपैकी तीसला पास. मी म्हटलं, शाळेत तर अठराला सोडतात. म्हणाली, तू मोठी आहेस.

काल पहिला पेपर झाला. मला शेजारी चहा ठेवायची परवानगी नव्हती. हे मध्ये एकदा डोकावले आणि टाकीच्या उदाहरणावर अडून बसले. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी किती वेळात भरेल? ह्यांचं म्हणणं, असं बसवणाऱ्या प्लंबरला आधी बोलवा, मग वेळ काढू. ठकीने त्यांना वर्गाबाहेर काढलं.

मला पन्नासपैकी सहा मिळाले. त्यातले दोन नीटनेटकेपणाचे. खाली लाल अक्षरात शेरा आहे, लक्ष नाही, पालकांची सही आणावी. मी ह्यांच्यापुढे पेपर धरला, तर म्हणाले, मी तुझा पालक नव्हे, मला ह्यात ओढू नकोस. ठकीनेही तेच ठरवलं. माझी पालक तू. म्हणून पेपर सोबत जोडला आहे. सही करून परत पाठव, नाहीतर मला पुढच्या पेपराला बसू देणार नाहीत.

हसू नकोस. सही करताना तुझा हात हलला तर ती पुन्हा पाठवेल.

सहा गुणांवरही लोभ ठेव.
छबू

१० नोव्हेंबर

चि. ठकीस,
अ. आ.

तुझ्या आईच्या पेपरावर सही केली आहे. लाल पेन वाळलं होतं, ते गरम पाण्यात बुडवून चालू केलं.

आता तुझ्याविषयी. तपासनीस म्हणून तू कच्ची आहेस. तिसऱ्या उदाहरणात आईने अर्धा अधिक एक तृतीयांश याचं उत्तर दोन पंचमांश लिहिलं, त्यावर तू फुली मारलीस. उत्तर चुकलं हे पुस्तकाचं शेवटचं पान कुणालाही सांगतं. ती कुठे चुकली आणि का, हे लिहिणं तपासणाऱ्याचं काम. ते नसेल तर माझी सही पुढच्या वेळी मिळणार नाही. मी शाळेत असताना चांगल्या चांगल्या शिक्षिकांचे तपासलेले गठ्ठे परत पाठवले आहेत.

आईला खिडकीकडे पाठ करून बसव.

तुझ्यावर माझा लोभ आहे, पण तो तपासणीच्या आड येणार नाही.
आत्याआजी

२७ नोव्हेंबर

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि. (हे आईने लिहायला सांगितलं.)

तिसऱ्या उदाहरणात आईने वरचे आकडे वरच्यांत मिळवले आणि खालचे खालच्यांत. असं करायचं नसतं. पण मला आधी कळेना की का नसतं. मग मला दिसलं, की दोन पंचमांश अर्ध्याहून कमी आहे. अर्ध्यात अजून काहीतरी घातलं तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल? मी तिला हे विचारलं, तर ती म्हणाली, अय्या. हे सगळं मी पेपरावर लिहिलं आहे, अय्या सोडून.

दुसऱ्या पेपरात तिला सतरा मिळाले. ती उणेमध्ये फार मार खाते. उणे गुणिले उणे अधिक का, हे तिने मला विचारलं आणि मलाही येईना, म्हणून मला तिच्यावरच राग आला.

शनिवारी मी तिच्या दुकानात गेले. तिथे नंबर तपासायची एक गोल फ्रेम असते, तिच्यात भिंगं घालायची आणि काढायची. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आईने ती मला लावली आणि उणे दोनची तीन भिंगं एकापुढे एक घातली. उणे सहा झालं आणि समोरचं न्हाव्याचं दुकान खेळण्यातलं दिसायला लागलं. मग मी ती तिन्ही काढली. काढली म्हणजे वजा केली ना? उणे दोन तीनदा वजा केले, आणि नंबर शून्यावर आला, म्हणजे सहाने वाढला. म्हणजे उणे तीन गुणिले उणे दोन अधिक सहा. मी हे मोठ्याने म्हटलं तेव्हा आई इतकी हसली, की डोळ्यांचे डॉक्टर आतून बघायला आले. तिने त्यांनाही फ्रेम लावून समजावलं. त्यांना आधीच येत होतं, पण ते गप्प बसले. चांगले आहेत.

पेपर सोबत आहे. सही जरा स्पष्ट करावी.

लोभ असावा असं लिहितात, पण तो आहे हे मला माहीत आहे.
ठकी

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मी पास झाले.

मधल्या पेपरांचे निकाल तुझ्या सह्यांखाली आहेतच. एकवीस, चोवीस, मग दमल्यामुळे पुन्हा एकोणीस. मागच्या आठवड्यात सत्तावीसवर येऊन ठेपले, तेव्हा हे म्हणाले की कराराला मुदतवाढ मागावी. काल शेवटचा पेपर. उद्या तिची वार्षिक परीक्षा. ठकी पेपर घेऊन आतल्या खोलीत गेली ती किती तरी वेळ बाहेर येईना. मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मग तिने पेपर आणून ओट्यावर ठेवला आणि दप्तर भरायला गेली. तीस.

या वयात पास झाल्याचं रडू येतं हे मला माहीत नव्हतं. परवा दुकानात एक बाई मला म्हणाल्या, मला बाई गणित कधी आलंच नाही. माझ्या तोंडून नेहमीचं, मलाही नाही, निघालंच होतं. मी ते गिळलं आणि त्यांना फ्रेम दाखवली.

पेपर सोबत जोडते. ही सही मला चौकटीत लावायची आहे, तेव्हा नीट कर.

तुझा लोभ आता तरी मला हक्काने मागता येईल.
छबू

२६ एप्रिल

चि. ठकीस,
अ. आ.

हे पत्र फक्त तुला. निकाल लागेपर्यंत मी मुद्दाम थांबले.

आईच्या शेवटच्या पेपरातल्या गुणांची मी तीन वेळा बेरीज केली. जुनी खोड. ती अठ्ठावीस येते. तू तीस लिहिलेस. करारानुसार आई नापास होती आणि तू मोकळी होतीस. इतके महिने तू एकही बेरीज चुकली नाहीस, तेव्हा ही कशी चुकली ते कळव. सही मी अजून केलेली नाही.

उत्तराची वाट पाहते.
आत्याआजी

१ मे

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

बेरीज चुकली नाही.

दहाव्या उदाहरणात आईचं उत्तर साफ चूक आहे. पण तिने तिथे चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं आहे, तू खालून उजेड धरलास तर दिसेल. तिला ते येत नव्हतं आणि ते तिला माहीत होतं, तरी तिने जागा सोडली नाही. कोऱ्या जागेला शून्य असतं. मग भरलेल्या चुकीच्या जागेलाही शून्यच, हे मला हिशेबात बसेना. म्हणून तिथे न लिहिता बेरजेत दोन दिले.

माझा पेपर मिळाला. एकतीस आहेत. एकही जागा कोरी नाही. सात ठिकाणी चुकलं आहे. आईने तपासल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं, आणि सातपैकी पाच ठिकाणी का चुकलं ते तिने पेन्सिलीने लिहिलं. दोन तिलाही कळली नाहीत, ती सोबत पाठवते. उत्तर नको, वाट सांग.

दोन गुणांचं आईला माहीत नाही. ती अजून स्वतःच्या गुणांची बेरीज करून बघत नाही. ते पुढच्या वर्षी शिकवीन.

आता सही कर. आई चौकट घेऊन बसली आहे.

लोभ वाढवलास तर तो कुठून आला ते मी विचारणार नाही.
ठकी