साडूभाऊ जिथे बसले तिथली पावलं

प्रिय आणि आता सर्वत्र प्रसिद्ध साडूभाऊ यांस,

सादर नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमच्या कमरेचं आता कसं आहे? (इथे रोज पंचवीस-तीस माणसं मला हेच विचारतात, म्हणून एकदा खरं उत्तर कळलेलं बरं.)

गेल्या महिन्यात तुम्ही दोन दिवस आमच्याकडे आलात आणि मी हौसेने तुम्हाला आमचा संरक्षित किनारा दाखवायला नेलं, ही सगळी माझीच चूक. अकरा वर्षं मी तिथे वाटाड्या आहे. ‘दगडाला हात लावू नका’ हे मी झोपेतही बडबडतो, असं तुमची मेहुणी सांगते. तुम्ही हात लावला नाहीत, मान्य. शेवाळावरून घसरून तुम्ही आख्खेच्या आख्खे बसलात. तुमच्या वजनाने (जे कमी झालंय असं तुम्ही नाश्त्याला सांगत होतात) खडकाचा पापुद्रा सुटला आणि खाली पावलं दिसली. तीन बोटांची, एकामागे एक, समुद्राकडे निघालेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठलासा प्राणी ओल्या वाळूवरून चालत गेला, त्या वाळूचा दगड झाला, तो दगड एखाद्या अभ्यासू माणसाची वाट बघत राहिला, आणि त्याला भेटलं कोण, तर पडदे शिवणारा माणूस!

आता तिथे फलक लागलाय. त्यावर तुमचा फोटो आहे. तुमच्या शेजारी जे कोपर दिसतं, ते माझं. पूर्वी मी लोकांना खडकाच्या वळ्यांपाशी थांबवून सांगायचो, की बोटभर थर साचायला हजार वर्षं लागली. लोक जांभया द्यायचे, पण थांबायचे तरी. आता थेट विचारतात, “ते गृहस्थ पडले ती जागा कुठंय?”

मी काही मनाला लावून घेतलं नाही. फक्त ओहोटी बघून रोज पहाटे एकटाच बाहेर पडू लागलो. नवव्या दिवशी एका कपारीत गोल गरगरीत, गुळगुळीत असं काहीतरी दिसलं. अंडं! तुमची पावलं, तर माझं अंडं, म्हणजे मी एक पायरी वरच की! तुमची पावलं तपासायला आलेल्या भूशास्त्राच्या बाईंना फोन केला. “जागचं हलवू नका, मी येते,” म्हणाल्या. मी पहारा देत बसलो. भरतीचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी ते आठवलंच नाही. शेवटी अंडं पोटाशी धरून उंच खडकावर चढलो आणि दोन तास तसाच बसलो. बाई जीवरक्षकांच्या होडीतून आल्या. त्यांनी अंगठ्याने जरा घासून बघितलं आणि म्हणाल्या, “हे सिमेंट आहे. जुन्या धक्क्याचं.” त्या हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. किनाऱ्यावर उतरलो तर एका बाईने जीवरक्षकाला विचारलं, “हेच का ते पावलंवाले?”

“छे, हे त्यांचे साडू.”

आता खरं सांगतो. या किनाऱ्याचा कडा फोडून हॉटेलचा रस्ता करायचं चाललं होतं. तो थांबवायला दोन वर्षांत मी एकोणीस अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. तुमची पावलं निघाली आणि पंधरा दिवसांत रस्ता रद्द! वर वारसास्थळाचा दर्जाही मिळतोय. बातमी कळली तेव्हा मी त्या वळ्यांपाशी जाऊन रडलो. (वारा फार होता.) कडा वाचला म्हणून रडलो की माझ्या एकोणीस अर्जांपेक्षा तुमची एक बैठक भारी पडली म्हणून, ते अजून ठरलेलं नाही.

ताईंना नमस्कार.

आपला,
कोपरवाला

ता. क. : वारसास्थळाच्या समारंभात तुम्हाला ‘मानद वाटाड्या’ नेमायचं घाटतंय. कार्यालयाचं पत्र सोबत आहे. ते चार दिवस माझ्या खिशात होतं. घरच्या अडचणीचं कारण देऊन तुम्ही नकार कळवलात, तर कुणालाही वाईट वाटणार नाही. मला तर नाहीच.

ता. क. दुसरा : भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. कुणाला नेमायचं असं साहेबांनी विचारल्यावर तुमचं नाव यांनीच सुचवलं, आणि घरी येऊन जेवले नाहीत. तुम्ही नक्की या. तुमच्या मापाची वाटाड्याची टोपी यांनी स्वतः निवडून आणलीय. रोज आरशासमोर घालून बघतात. कानांवर येते.