स्वेर्रेने भरलेलं पाणी

सेन्या बेट, ऑक्टोबर

तुरिडताई,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी, मग तुझी. जिना चढतेस का आता?

मी मजेत आहे. स्वेर्रे वारल्यावर आम्हा नवरा-बायकोची ही घरगाडी मला एकटीला झेपणार नाही म्हणालीस, पण गाडी शाबूत आहे. फक्त टाकीतलं पाणी सोडायचं मी टाळत होते. जाण्याआधी त्यानेच ते भरलं होतं गं.

काल शेजारच्या गाडीतला ओडवार ओरडलाच, "सिग्नीबाई, आज सगळं गोठणार! नळ्या तडकल्या की रडत बसाल."

"रडतेच आहे," मी म्हटलं.

मग त्यानेच खाली वाकून टाकीचं बूच काढलं. मी सगळे नळ उघडले, नळ्यांत फुंकर मारली. बंबातलं पाणी वाफाळत उताराने खाडीकडे निघालं. इथे दुपारीच मावळू लागणाऱ्या उन्हाचा गुलाबी उजेड त्यावर तरंगत होता. वाटलं, स्वेर्रेच सावकाश चालत निघालाय, मागे न बघता. पाणी थांबेपर्यंत ओडवार टोपी काढून उभा होता.

नळ उघडेच ठेवलेत. आता इथे कॉफीपुरतंही पाणी नाही. शुक्रवारच्या बोटीने निघते. हिवाळाभर मला ठेवून घेशील ना?

तुझी धाकटी,
सिग्नी