अव्वल कारकुनाची खुर्ची

रविवार, ८ जून १९५८

दोन दिवसांचा राग आज एकदम लिहायचाय! काल शनिवार, आम्हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस. शब्बाथला लेखणी धरायची नाही, हे वडिलांपासून चालत आलेलं, आणि सेहेचाळीस वर्षांत मी ते एकदाही मोडलेलं नाही. कचेरीतही सगळ्यांना ठाऊक आहे — गर्शोम आपटेकर शनिवारी येत नाही, रविवारी एकटा बसून तुंबलेलं टपाल काढतो.

तर, अव्वल कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीवर शुक्रवारी नवा माणूस येऊन बसला. धर्मराज कोळी. उरणचा. वय पंचवीस. बी. ए.! मी या कचेरीत चिकटलो तेव्हा हा रांगत असेल. चोवीस वर्षं मी त्या खुर्चीच्या डाव्या हाताला बसतोय आणि अजून डाव्याच हाताला!

तक्रार तरी कुणाकडे करणार? दोन वर्षांपूर्वीच अलिबागहून इंग्रजी परिपत्रक आलं होतं. टपाल मीच घेतो, मीच वाचलं. पदवी नसलेल्यानं या जागेसाठी उभंच राहायचं नाही! शब्द हातभर लांब होता, पण सुरुवातीला 'नॉट' आणि शेवटी 'स्टँडिंग'. व्हर्नाक्युलर फायनलवाल्याला, म्हणजे मराठी सातवी झालेल्याला, तेवढं इंग्रजी पुरतं. शिक्का मारला, फाइलला लावलं, अर्जाचा विचार सोडला.

मंगळवार, १० जून

बी. ए.ला मोडी वाचता येत नाही. जुना जमिनीचा कागद चक्क उलटा धरून बसला होता! मी उठून सरळ करून दिला, तर म्हणाला, वाचूनही दाखवा. महादेव शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

मसुद्यातही तेच. 'सबब' कुठेच नाही. 'त्यामुळे' लिहितो! विचारलं, हे सरकारी पत्र आहे की ओट्यावरच्या गप्पा? तर हसला. "तुम्ही सांगाल तसं करू, आपटेकर." रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

बुधवार, ११ जून

आमची लेक हदासा एस. एस. सी. पास! इंग्रजीत शाळेत पहिली. पेढे वाटले. आज चिडायला फुरसत झाली नाही.

गुरुवार, १२ जून

आज झाली. पोरीनं कॉलेजचा अर्ज आणलाय. मुंबईचं कॉलेज, राहायचं उमरखाडीला मिल्काआत्याकडे. मिल्काचं उत्तरसुद्धा आलंय — "खुशाल पाठवा." म्हणजे मायलेकींनी सगळं ठरवून टाकलंय, फक्त माझी सही तेवढी बाकी! अर्ज पोचायची शेवटची तारीख २१. आणि इतकी कॉलेजं असताना हे कुठलं? धर्मराज शिकला तेच!

म्हटलं, कशाला? चार वर्षं खर्ची घालून मोडी उलटी धरायला? टायपिंग शिक, टेलिफोनात लाग, सहा महिन्यांत हातात पगार. हदासानं अर्ज उचलून घेतला. तिची आई दिना मात्र पोळपाट बाजूला सारून म्हणाली, "तुमचा राग त्या मुलावर, आणि भोगायचं हिनं!"

मी टोपी घालून ओट्यावर जाऊन बसलो. राग आहे, पण मुद्दा तो नाही.

सोमवार, १६ जून

कचेरीच्या ओट्यावर एक कोळीण. "आमचा धर्मा हितंच बसतो ना?" ही धर्मराजची आई, गंगाबाई. मासळी विकून एकटीनं पोराला बी. ए. केला म्हणे. तो साहेबांकडे गेला होता, म्हणून माझ्याशेजारीच ठाण मांडलं, आणि माझ्या हातात एक पुडी ठेवली. उघडतो तर सोडे, सुकवलेली कोळंबी! खवलं नसलेलं आमच्या धर्मात चालत नाही, हे तिला कुठून समजावत बसू? घेतली, आणि ती गेल्यावर महादेवला देऊन टाकली.

"तुमाला पोरा किती?"

"एक मुलगी. परवाच मॅट्रिक झाली."

"मंग शिकवा तिला पुरती. आमी नाय शिकलो. आमाला जो कागद वाचून दावील, त्याचाच खरा."

मनात म्हटलं, बाई, मला कुणी वाचून दाखवावं लागत नाही. पण तिचा धर्मा आला तेव्हा तिनं त्याच्याकडे जे पाहिलं, ते मी पाहिलं. त्यानंतर दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

बुधवार, १८ जून

अर्ज फळीवर, शब्बाथच्या दिव्याला टेकवून ठेवलाय. येता-जाता दिसतो. मुद्दाम ठेवलाय!

गुरुवार, १९ जून

हदासा आठवडाभरानं माझ्याशी बोलली. तांदूळ निवडता निवडता, वर न बघता — "बाबा, ती खुर्ची तुम्हाला मिळाली असती, तर माझ्या अर्जावर सही केली असती ना?"

मी म्हटलं, खुर्चीचा इथे काय संबंध! आवाज जरा चढलाच. ती सूप घेऊन आत गेली.

संबंध आहे. मला काय कळत नाही? पण म्हणून मुलीनं तोंडावर विचारायचं?

शुक्रवार, २० जून

सूर्य कलायच्या आत लिहून संपवायला हवं, तो मावळला की शब्बाथ लागतो.

सकाळी धर्मराजनं जुनं कपाट आवरायला काढलं. दोन वर्षांपूर्वीचं ते परिपत्रक माझ्यासमोर ठेवलं. "आपटेकर, आवक नोंद तुमच्याच अक्षरात आहे. मग अर्ज का केला नाहीत? पंधरा वर्षं नोकरी झालेल्यांना सवलत होती. यादीत नाव असतं तर ही खुर्ची तुमचीच होती."

मला काही समजेना. तरी तोंडातून निघालं, "इच्छा नव्हती." त्यानं कपाट बंद केलं. मग हळूच म्हणाला, "उद्या पहिल्या एस.टी.नं मुंबईला चाललोय. कॉलेजातून पदवीचा कागद आणायचाय. तुमचं काही काम?"

"काही नाही."

तो हातभर लांब शब्द पुन्हा वाचून जेवायला घरी आलो. हदासाला सहज विचारल्यासारखं विचारलं, नॉटविथस्टँडिंग म्हणजे काय गं? मान वर न करता म्हणाली, "तरीसुद्धा. असं असूनही. कुठे आलाय, बाबा?"

"कुठे नाही."

तरीसुद्धा! पदवी नसली तरीसुद्धा! म्हणजे मलाच बोलावत होते. माझ्यासारख्यांसाठीच तो कागद निघाला होता, आणि मी — ज्याला कुणी वाचून दाखवावं लागत नाही — मी स्वतःच्या हातानं शिक्का मारून तो दोरीत ओवला! दोन वर्षं सगळ्या कचेरीला सांगत फिरलो, सरकारनं दार लावलं म्हणून. एकानंही म्हटलं नाही, गर्शोम, परत वाच. कोण म्हणणार? सगळे माझ्यासारखेच फायनलवाले!

त्या मुलाला मोडी येत नाही, म्हणून त्यानं मला विचारलं. मला इंग्रजी येत नव्हतं, तर मी कुणाला विचारलं? लाज वाटते. आणि राग येतो, पण आता तो कुणावर काढू?

कॉलेजात गेलो असतो तर साहेब झालो असतो, असं काही नाही. पण तो एक शब्द कळला असता.

दिना दिवा लावायला आली. माझ्याकडे बघत थांबलीय. अर्ज अजून फळीवरच आहे, आणि उद्या शेवटची तारीख. सही करायला हवी होती, आणि मी ही वही भरत बसलो. सूर्य गेला. ठेवतो.

शनिवार, २१ जून

सकाळी सहा. दिवा अजून तेवतोय. दिनाकडे दौत मागितली. तिनं एकदा दिव्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं आणून दिली. पालकाचं शिक्षण — व्हर्नाक्युलर फायनल. धंदा — कारकून. खाली सही. स्टँडवर जाऊन अर्ज धर्मराजच्या हातात दिला, आणि आता लेखणी धरलीच आहे तर हेही लिहितो.

सही करताना हदासा दारात उभी होती. ओरडलीच, "बाबा, आज शनिवार आहे!"

म्हटलं, तरीसुद्धा.