काचेआडची मुळं

प्रिय ढाण्या,

डब्याच्या तळाशी हे पत्र सापडेल. वहिनीवर चिडू नकोस, तू मामांच्या पंपघरात आहेस हे तिने सांगितलं नाही, मीच ओळखलं. लहानपणी काही फोडलंस की तिथेच जाऊन बसायचास. आधी जेव, मग वाच. उपाशीपोटी तुझं डोकं लवकर फिरतं.

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. आत माळीकाका, आमची काचघरं सांभाळणारे, अजून शुद्धीवर नाहीत. पोलिसांना मी सांगितलं की गर्दी होती, धूळ होती, कुणी मारलं ते दिसलं नाही. सपशेल खोटं बोलले. तू पहार उचललीस तेव्हा मी शेजारीच होते.

गव्हावर प्रयोग करायच्या आमच्या काचेच्या खोल्यांवर अख्खं गाव चालून आलं आणि पुढे तू. पहिली काच फुटली, मग सगळ्याच. आतली गरम हवा भसकन बाहेर आली, गहू काचांवर आडवा झाला आणि तुम्ही तो बुटांनी तुडवलात. कुणीतरी माझे केस धरून मला फरफटत नेलं. त्याच्या मनगटाला मी रक्त येईपर्यंत चावले. तुझा मित्रच होता, टाके किती पडले विचार त्याला.

राग माझ्यावर होता, कळतं मला. यंदाचा आपला गहू दिसायला टपोरा पण आतून पोकळ, असं मी भर सभेत म्हणाले आणि व्यापाऱ्यांनी गाड्या परत पाठवल्या. पण मी खोटं काय बोलले? पुढे जी हवा येणार, ती आम्ही त्या खोल्यांत आत्ताच तयार केली होती, जास्त तापलेली, धुरातला कर्बवायू जास्त असलेली. तिथे गहू असा माजायचा की बघणारा खूश. काचेवरचा काळा पडदा सरकवून मुळं पाहिली की मात्र ती तोकडी, करपलेली दिसायची. अशा हवेत झाड पाणी कमी ओढतं, मग पाण्याबरोबर वर येणारं नत्र, जस्त मातीतच राहतं, दाण्यात उतरत नाही. कोरड्या, तापलेल्या मातीत कोवळी मुळं करपतात ती वेगळीच. यंदा थंडीच पडली नाही, म्हणून तुझ्या शेतातही तेच झालं. तुझी लेक छकुली पोटभर जेवते आणि तरी जिना चढताना भिंत धरते, ते काय नखरे म्हणून?

शेवटच्या काचेसमोर काका हात पसरून उभे राहिले. तुला वाटलं, ते माझी यंत्रं वाचवतायत. अरे, तिच्यामागे एक जुना, किडकिडीत वाण होता. ना उंची ना रुबाब, पण मुळं खोल, गारव्यात उतरलेली. त्याच गरम हवेत त्याचे दाणे कसदार भरले होते. पहिलं बी तुझ्या शेतात पेरायचं, छकुलीसाठी, असं काकांनी ठरवलं होतं. तू गावभर फुशारक्या मारशील म्हणून तुला सांगू दिलं नाही त्यांनी. तू पहार त्यांच्या डोक्यात घातलीस, आणि ते कोसळल्यावर काचेवर. मला तुझा संताप येतो, इतका की तू समोर असतास तर तीच पहार मी उचलली असती.

आपण भांडलो की आई दोघांनाही बडवायची, सुरुवात कुणी केली हे न विचारता. मग दोघांना एकाच ताटात वाढायची. फार सोपं होतं ते.

एवढं लिहिलं आणि नर्स बोलवायला आली. काका गेले. काकूंनी मला विचारलं, कुणी मारलं ते तू पाहिलंस ना. मला खोटं बोलवेना, मी होकारार्थी मान हलवली. नाव त्यांनी विचारलं नाही. उद्या सकाळी मी ते ठाण्यात सांगणार आहे. माझ्याआधी तू पोचलास तर ते तुझ्या तोंडून जाईल, आणि आत्याने बाबाला पकडून दिलं हे छकुलीला कधी ऐकावं लागणार नाही. डबा संपव, तोंड धू आणि निघ. मी ठाण्याच्या फाटकाशी उभी असेन. आत आपण बरोबर जाऊ.

तुझीच,
ताई