यंदाचं वजें

आई, उद्या गणपतीची चवथ आहे आणि तुझ्या नातीचं वजें स्वयंपाकघरात भरून तयार आहे. नारळ, केळ्यांचा घड, खोबऱ्याच्या नेवऱ्यांचा डबा, लाडू, गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची फळं. लग्नानंतरची तिची ही पहिली चवथ. माहेरच्यांनी वजें घेऊन लेकीला सासरी पोचवायचं, ही आपली रीत तुला मी काय सांगू! आमचा जावई मात्र स्वतःच येतोय तिला न्यायला. मोटरसायकलचा आवाज आला की मी दाराशी जाऊन बघते. मघाशी आला तो पोदेर होता. पाव घ्यायचे विसरले मी.

तुझं वजें मला लख्ख आठवतं. बाबा पाळी गावात खाणीच्या ट्रकवर. आपल्या घराच्या पायऱ्यासुद्धा त्या धुळीने तांबड्या झालेल्या. मार असह्य झाला की तू मला घेऊन पार्श्याला माहेरी यायचीस, आणि चवथ जवळ आली की आजोबा तुला परत नेऊन सोडायचे. मार जितका जास्त, तितकी त्यांची टोपली मोठी. एवढं नेलं तर वर्षभर मारणार नाही, या उमेदीने बिचारे म्हणायचे, ‘‘एवढें व्हेल्यार वर्सभर हात उगारचो ना तो, पळय.’’ बाबा नेवऱ्या आवडीने खायचे, आजोबांना चहा द्यायला सांगायचे. आजोबा समाधानाने बस पकडायचे. मला त्या टोपलीचा राग यायचा, अजून येतो. संध्याकाळी ट्रकचा हॉर्न वाजला की तू हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सारून वर फडकं गुंडाळायचीस, फुटल्या तर रुतू नयेत म्हणून. मला वाटायचं, सगळ्याच बायका नवरा आला की असं करतात.

आधी बाबा गेले, मग तू. लोकांना छातीचा आजार सांगितला. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तुझ्या सासरचे म्हणत राहिले की हिनेच आणला. तू! जी पाळी आणि पार्से सोडून कुठे गेली नाहीस! बाबांचं बाहेर काय चालायचं, हे तुला माहीत होतं. एकदा चुलीपाशी तू आजीला हळूच सांगत होतीस, ‘‘ना म्हळ्यार मारता गो.’’ आजीने चुलीत लाकूड सारलं. त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. एचआयव्ही तुला झाला तो नुसता बाबांमुळे नाही, तर नको म्हणायची सोय तुला कुणीच ठेवली नव्हती म्हणून. बाबांनी नाही, आणि टोपली घेऊन तुला परत सोडणाऱ्यांनीही नाही.

आता ऐक. गेल्या आठवड्यात तुझी नात अचानक आली. डावा कान कुडी रुतून सुजलेला. आधी म्हणाली दार लागलं. मग माझ्यासोबत नेवऱ्या मुरडताना हात थांबवून एकदम बोलली. नवऱ्याचं बाहेर जाणं तिच्या कानावर आलं होतं. तिने एवढंच म्हटलं की मूल हवं असेल तर आधी दोघं तपासून घेऊ, आणि तोवर जपून राहू. ‘‘म्हजेर दुबाव घेता?’’ म्हणत, संशय घेतल्याच्या रागाने त्याने कानाखाली मारली. त्या दिवशी तिच्या नको म्हणण्याला त्याने किंमतच दिली नाही. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातली नेवरी फुटली.

तुये इथल्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे, तिथून रजा काढून तिला सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला बाहेर बसवलं. बाकावर बसून मी कपाळावरचा घाम पुसत होते. रिपोर्ट चांगला आला, पण इतक्यात सगळं कळत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. बाईंनी तिला विचारलं होतं, ‘‘घरी गेल्यावर तुला नको म्हणता येईल का?’’ येताना बसमध्ये तिने मला ते सांगितलं, आणि आपण ‘नाही’ म्हटल्याचंही. म्हणजे उद्या ती परत गेली तर तो चांगला रिपोर्ट काय कामाचा? आई, आता चांगल्या गोळ्या आहेत. त्या घेऊन माणसं संसार करतात, नोकरी करतात. तुला मिळाल्या असत्या तर! मला आजाराची एवढी धास्ती नाही, जेवढी त्याच्या हाताची आहे.

आणि तरीही वजें मीच भरलं. काल ह्यांनी माटोळी बांधता बांधता म्हटलं, ‘‘वजें तरी धाडूया गो. लोक कितें म्हणटले?’’ आणि मी छोटी टोपली ठेवून मोठी काढली. नेवऱ्यांचा दुसरा थर लावताना माझ्या लक्षात आलं, मी आजोबांसारखीच विचार करते आहे.

लिहिता लिहिता मधेच उठावं लागलं. जावई आला होता.

आवाज ऐकताच पोरीने कानातली कुडी काढायला हात नेला. मी म्हटलं, ‘‘राहूंदे, काढू नको.’’ तो उंबऱ्यातूनच, ती चवथीला घरी हवीच अशा सुरात म्हणाला, ‘‘चवथीक ती घरांत जाय. वजें खंय?’’

‘‘ती येवची ना,’’ मी साफ नकार दिला. ‘‘आनी वजेंय ना.’’

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. मग वज्याच्या टोपलीतला केळ्यांचा घड उचलून त्यांनी तो आमच्याच माटोळीला बांधायला घेतला. पोरगी माझ्या मागून पुढे आली. ‘‘हांव तपासून आयल्यां. आतां तुमी तपासून येयात.’’

‘‘पळयतां तुका,’’ म्हणून तो गेला. त्या ‘बघतो’चा अर्थ काय लावायचा? दाराला आतून अडसर घातला आहे. तुझी नात नेवरी खात बसली आहे, दोन्ही कुड्या कानात आहेत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. तिला ‘काढू नको’ म्हणत होते ना, तेव्हा माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर गेलेल्या होत्या. मी कधी सारल्या, मला कळलंच नाही. माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी हात उचललेला नाही, आई. अजून त्या खाली आणलेल्या नाहीत.