तू आली नव्हतीस

आई, गेल्या रविवारी चर्चमध्ये मला पुन्हा तुझी गोष्ट सांगायला लावली. नव्याने आलेल्या चार मुली होत्या, आणि विषय होता, मनात येतं ते देवाकडून आलंय की आपलंच आहे, हे ओळखायचं कसं. या विषयावर बोलायला आमच्याकडे हक्काची मीच. गोष्ट अशी, की तू गेल्यावर दीड वर्षाने मी हाँगकाँगच्या टेम्पलमध्ये (सिंगापुरात आमचं टेम्पल नाही) तुझ्या वतीने पाण्यात उतरले, तुझा बाप्तिस्मा झाला, आणि त्या क्षणी तू माझ्याशेजारी येऊन उभी राहिलीस. मॉर्मन लोकांत मेलेल्यांसाठी असं करतात. पलीकडे गेलेल्या माणसाने ते स्वीकारायचं की नाही, हे त्याच्यावर सोडलेलं असतं. तू स्वीकारलंस, असं मी सांगते. बायका डोळे पुसतात. गोष्ट खोटी आहे.

तू असतीस तर पहिल्याच वाक्याला मला पकडलं असतंस. तू एकदाच आलीस इकडे, पुंगोलच्या या फ्लॅटमध्ये तीन आठवडे राहिलीस. मी चहा सोडलाय हे कळल्यावर तू ओट्याशी उभी राहून माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी नोकरीच सोडली. "चहासुद्धा चालत नाही? कसला गं हा देव?" मी तुला समजावलं, की नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागले तेव्हा या शहरात मला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं, बरोबरच्या फिलिपिनो नर्सने एका रविवारी तिच्या चर्चला नेलं, आणि तिथल्या माणसांनी दुसऱ्याच आठवड्यात मला नावाने हाक मारली. तू गाळणं आपटून धुतलंस. म्हणालीस, "देव बदललास, ठीक आहे. आता स्वभाव बदल."

कुठला स्वभाव, ते मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. बारावीनंतर मला मुंबईला शिकायला पाठवायचं की नाही, म्हणून तू गावच्या देवीला कौल लावला होतास. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, आपण वाट पाहत बसलो, आणि पाकळी पडली ती डावी. म्हणजे नको. मी म्हटलं, काका, पुन्हा लावा ना. सगळ्यांदेखत तू मला झापलंस. "एकदा विचारलं ना? पुन्हा विचारतेस म्हणजे तुला देव नकोय, मान डोलावणारा नंदीबैल हवाय." आणि घरी येऊन माझी बॅग तूच भरलीस. देवीने नको म्हटलं, मी हो म्हणते, काय व्हायचं ते माझ्या माथी, असं म्हणालीस. तेव्हा मला ती देवीची थट्टा वाटली. आता वाटतं, देवीशी इतकं सरळ त्या गावात दुसरं कोणी वागलं नसेल. तुला जे हवं होतं ते तू स्वतःच्या नावावर मागितलंस.

मग, तू इथून परत गेल्यावर, दादाचा फोन आला. मी नोव्हेना स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे, ऑफिसं सुटलीत, गर्दीमुळे दोन गाड्या सोडल्यात. "आईला अ‍ॅडमिट केलंय. घाबरण्यासारखं नाही म्हणतात. पण जमलं तर ये." फोन ठेवला आणि मनात आलं, जा. एवढंच. त्यात ना प्रकाश ना शांती. तू स्वयंपाकघरातून 'गॅस बंद कर' म्हणायचीस, तसं कोरडं. पण त्याच आठवड्यात आम्ही हाँगकाँगला निघणार होतो. माझी टेम्पलची पहिली खेप, वर्षभर थांबून मिळालेली. म्हणून मी पुन्हा विचारलं. गुडघे टेकून विचारलं, उपास करून विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी छातीत छान ऊब पसरली. आई बरी होईल, तू टेम्पलला जा. ती ऊब म्हणजे देवाची खूण, असं आम्ही मानतो. कसली खूण! मला हाँगकाँगला जायचं होतं, आणि हवी ती पाकळी पडेपर्यंत मी मूर्ती हलवत बसले. मी हाँगकाँगला असताना, गुरुवारी, तू गेलीस. दादा तेराव्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "देवाने सांगितलं म्हणतेस? आवाज तुझाच असेल नीट ऐकलास तर."

शिकवणाऱ्यांना दोष द्यायलाही मला तोंड नाही. चर्चमध्ये आमचा वर्ग घेणाऱ्या म्हाताऱ्या चिनी बाईंनी आधीच सांगितलं होतं, "आन्सर टू स्वीट, यू बेटर चेक हू इज टॉकिंग, लाह." उत्तर फारच गोड आलं तर बोलतंय कोण ते तपास, असं मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

दीड वर्षाने पुन्हा हाँगकाँगला गेले. बाप्तिस्मा देणाऱ्या माणसाने तुझं नाव अडखळत वाचलं आणि मला पाण्याखाली नेलं. आई, मला फक्त तुझा कान आठवला. लहानपणी फुटलेला तुझा उजवा कान, ज्यात आंघोळीआधी तू तेलाचा बोळा घालायचीस. बोळा घालायचा राहिला, असं वाटलं. बाकी काही नाही, कोणी आलं नाही. वर आले तर त्याच बाई टॉवेल घेऊन उभ्या. "युअर मदर केम, इज इट?" त्या इतक्या आशेने बघत होत्या, आणि तू मला माफ केलंयस असं कोणीतरी म्हणावं, हे मला इतकं हवं होतं, की मी हो म्हटलं.

त्याला पाच वर्षं झाली. सांगून सांगून गोष्टीला हातपाय फुटले. आधी तू नुसती उभी होतीस, मग हसायला लागलीस, आता खांद्यावर हात ठेवतेस. हे सगळं खरं तर दादाला लिहायला हवं. तुला लिहितेय, कारण तू उलटून बोलणार नाहीस. गेल्या रविवारी त्या मुलींतल्या एकीने विचारलं, "आंटी, बट हाऊ यू नो इट्स नॉट जस्ट यू?" पहिल्यांदा आलेलं ते कोरडं 'जा' तिला सांगितलं असतं, तर पोरीचं भलं झालं असतं. मी म्हटलं, "यू विल फील वॉर्म." आणि ते म्हणताना माझ्या छातीत खरोखरच ऊब आली. तीच, जिने मला तुझ्यापासून लांब ठेवलं. ती खोटी आहे हे मला कळत होतं. तरी ती हवीशी वाटली, आणि विझू नये म्हणून मी गोष्ट आणखी थोडी लांबवली.